आपट्याचे पान, हवानाचे पान

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली स्थानकांबाहेर आपट्याच्या फांद्यांचे भारे उतरतात. मुरबाड-शहापूरच्या रानातून ते आलेले असतात आणि विकायला बसलेल्या बहुतेक बायका आदिवासी असतात. दुसऱ्या दिवशी तीच पाने सोने म्हणून घरोघर वाटली जातात. या पानाला एके काळी वर्षभर चालणारे दुसरे काम होते. टेंभुर्णीच्या पानाने विडीचा सगळा धंदा व्यापण्याआधी पश्चिम भारतात विडी वळायला आपट्याचे पान सर्रास वापरले जाई. पान चिवट, वाळले तरी दुमडता येणारे. त्यात चिमूटभर तंबाखू घालायची, बोटांनी गुंडाळायची, दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि पेटवायची.

हवानातला कारागीरही तेच करतो. पानात पान गुंडाळतो. फरक आहे तो त्याच्या पानाला मिळालेल्या मानाचा आणि किमतीचा, आणि त्या मानाला फार मोठा इतिहास आहे.

परदेशवारीहून येताना सिगारची पेटी आणणारे हौशी लोक ठाणे-डोंबिवलीच्या नव्या मध्यमवर्गात आता दिसतात. २०१६ च्या बॅगेज नियमांनी प्रवाशाला शुल्काविना २५ सिगारांची मुभा दिली आणि क्यूबन सिगारची पेटी बहुधा २५ चीच असते, त्यामुळे हिशेब सोपा झाला. पण पेटी ओळखायची कशी, हे शिकावे लागते. जाणकार झाकणावरच्या सोनेरी चित्राकडे नंतर पाहतो, आधी पेटी उलटी करतो. तळाशी ‘एचो एन कूबा’ म्हणजे क्यूबात बनवलेली, आणि ‘तोतालमेंते आ मानो’ म्हणजे पूर्णपणे हाताने बनवलेली, असे डाग दिलेले असतात. शेजारी कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि पेटी भरल्याचा महिना-वर्ष असते. कडेला हिरव्या-पांढऱ्या रंगाची सरकारी हमीपट्टी असते. तिची परंपरा १८८९ पासूनची आहे, म्हणजे नकली हवाना सिगारचा धंदा किमान तेवढा जुना आहे. काचेच्या झाकणाची ‘कोहिबा’ची पेटी कुणी स्वस्तात देऊ लागला तर हात आखडता घ्यावा. तशी पेटी क्यूबातला कारखाना बनवतच नाही.

मग सिगार हातात घ्यायची. अंगठा आणि तर्जनी यांत हलके दाबत टोकापासून टोकापर्यंत जायचे. कुठे पोकळ लागली तर ती भराभर आणि गरम जळेल, कुठे गाठ लागली तर धूर ओढलाच जाणार नाही. वरचे पान गुळगुळीत, किंचित तेलकट आणि जाड शिरा नसलेले हवे. आत तीन प्रकारची पाने असतात. रोपाच्या तळाची ‘व्होलादो’ नीट जळण्यासाठी, मधली ‘सेको’ सुवासासाठी, आणि शेंड्याकडची, जास्त ऊन खाल्लेली ‘लिखेरो’ जोर येण्यासाठी. लिखेरो सावकाश जळते म्हणून ती बरोबर मध्यभागी ठेवतात. हे मिश्रण दुसऱ्या एका पानात बांधायचे, साच्यात दाबायचे आणि वरून ‘कापा’ नावाचे देखणे पान चढवायचे. ते पान पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागात कापडी मांडवाखाली, थेट उन्हापासून जपून वाढवलेले असते. ओढणारा धूर छातीत घेत नाही, तोंडात घोळवून सोडतो. मिनिटाला एखादा झुरका पुरे. पहिला तृतीयांश सौम्य, मधला भरदार, शेवटचा कडक, असा चवीचा चढ अनुभवी लोक सांगतात.

ठाण्याच्या हवेत मात्र या पानाचे हाल होतात. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. जुलै-ऑगस्टात खाडीकाठची हवा ८० च्या वर जाते, पानावर बुरशी धरते आणि उबेत तंबाखूचा बारीक किडा अंड्यातून बाहेर पडून सिगारला टाचणीएवढी भोके पाडतो. ‘स्पॅनिश सीडर’ लाकडाची बंद पेटी आणि आत आर्द्रता मोजणारे यंत्र नसेल, तर महागडी पेटी एका पावसाळ्यात वाया जाते.

या पानाची आणि या खाडीची ओळख मात्र चार शतकांहून जुनी आहे.

नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसाची दोन माणसे, रोद्रिगो दे खेरेस आणि लुईस दे तोरेस, क्यूबाच्या अंतर्भागात पाहणीला गेली. तिथले ताइनो लोक पानांची गुंडाळी एका टोकाला पेटवून दुसऱ्या टोकाने धूर ओढताना त्यांना दिसले. युरोपीय माणसाने पाहिलेली ही पहिली सिगार. पुढच्या शंभर वर्षांत स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी ते झाड जगभर पोहोचवले. १५३४ च्या वसईच्या तहानंतर साष्टी बेट आणि त्यावरचे ठाणे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. ज्या दोनशे वर्षांत तंबाखू हिंदुस्थानात रुजली, त्या दोनशे वर्षांत ठाणे तंबाखू आणणाऱ्यांच्याच राज्यात होते.

पलीकडे कल्याणची कथा वेगळी. १६३६ च्या तहाने निजामशाहीचा हा मुलूख विजापूरकडे आला आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले. हिंदुस्थानातल्या तंबाखूच्या सर्वांत रंगतदार दस्तऐवजाचा धागा या विजापूरशीच जुळतो. अकबराचा वकील असद बेग १६०३-०४ च्या सुमारास आदिलशहाच्या दरबारी गेला होता. शाहजादा दानियालसाठी आदिलशहाची मुलगी लग्न करून न्यायची, हे काम. विजापुरात त्याने तंबाखू पाहिली. आपल्या मुलखात असे काही पाहिले नव्हते, म्हणून त्याने ती बरोबर घेतली. सुमात्रातल्या आचेहून आलेली तीन हात लांबीची नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकारी, येमेनी अकिकाचे मुखनळ आणि सोन्याचे जळपात्र, असा सगळा थाट करून त्याने तो नजराणा बादशहापुढे ठेवला. अकबराने कौतुकाने दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली, की आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, हिचे गुण आपल्याला ठाऊक नाहीत. असद बेगने वाद घातला. बादशहा पुढे तिच्या नादी लागला नाही. दरबारी मंडळी मात्र लागली, त्यांनी असद बेगकडे मागणी लावली आणि व्यापाऱ्यांनी लगोलग माल आणायला सुरुवात केली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला, तोवर उशीर झाला होता.

त्या हकिमाची शंका चार शतकांनी खरी ठरली. तो प्रसंग वाचताना आज त्याचीच बाजू घ्यावीशी वाटते.

राज्यकर्त्यांना तंबाखूत काय सापडले, हे दक्षिणेकडे गोव्यात स्पष्ट दिसते. तिथे तंबाखूचा व्यापार म्हणजे ‘एस्तांको’, सरकारी मक्तेदारी. ब्राझीलमधल्या बाहियाची तंबाखू गोव्यात उतरे, तपकिरीच्या रूपाने विकली जाई, आणि तिचा मक्ता लिलावात मोठ्या रकमेला जाई. लिस्बनमध्ये १६७४ पासून तंबाखूसाठी स्वतंत्र मंडळ, ‘जुन्ता’, होते. गोव्यातल्या म्हामाय कामत घराण्यासारख्या सारस्वत पेढ्यांच्या व्यवहारांत तंबाखू ठळक होती. मुंबई बेट इंग्रजांना मिळाले, तेव्हा जमीन आणि माडांबरोबर तंबाखूच्या मक्त्याचा वारसाही त्यांच्याकडे आला आणि बेटाच्या सुरुवातीच्या महसुलात ती महत्त्वाची बाब राहिली. पुढे १८५७ मध्ये, उत्तरेत उठाव पेटलेल्या वर्षी, मुंबई शहरापुरता खास कायदा झाला. तंबाखूवरचे शुल्क, तिची किरकोळ विक्री आणि गोदामे यांचे नियमन करणारा ‘टोबॅको ड्यूटी (टाउन ऑफ बॉम्बे) अॅक्ट’. त्याची हद्द शहरापुरती होती, ठाणे-कल्याण तिच्या बाहेर. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आगगाडी पोहोचलेली होतीच.

याच रुळांवरून क्यूबाच्या सिगारचा जगप्रसिद्ध भक्त गेला आहे. विन्स्टन चर्चिल नोव्हेंबर १८९५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्यूबातले युद्ध पाहायला गेला आणि हवाना सिगारची आवड आयुष्यभरासाठी घेऊन परतला. पुढच्याच ऑक्टोबरात चौथ्या हुसार पलटणीबरोबर तो मुंबईत उतरला. ससून डॉकच्या पायऱ्यांशी लोखंडी कडी धरताना त्याचा खांदा निखळला आणि ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. पलटण मुंबईहून पुण्याच्या छावणीत गेली. तेव्हा त्या वाटेवर एकच लोहमार्ग होता, ठाणे, कल्याण आणि बोरघाट.

साहेबाच्या ओठातली सिगार मुंबई इलाख्यात तयार होत नसे. हवानाची महाग, म्हणून रोजच्यासाठी मद्रास इलाख्यातल्या तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलच्या चिरुटांचा आधार. तिरुचिरापल्लीच्या चिरुटाचा लौकिक इतका, की १८८७ मध्ये आलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत राखेवरून ओळखला जाणारा चिरूट तिथलाच आहे. महाराष्ट्राच्या आणि सीमाभागाच्या मातीतली तंबाखू वेगळ्या वळणाची. कोल्हापूर, सांगली आणि निपाणीच्या टापूतले पान उन्हात वाळवायचे, कुटून चुरा करायचा. सिगारसाठी अखंड, रेशमी पान लागते. विडीला चुरा चालतो. त्यामुळे हे पीक विडीच्या वाटेला गेले.

विडीचा धंदा मोठा झाला तो विसाव्या शतकाच्या तोंडावर. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याकडची तंबाखू जाणणारी कुटुंबे दुष्काळाच्या काळात पूर्वेकडे सरकली. जबलपूर-गोंदियाच्या जंगलांत त्यांना टेंभुर्णीचे पान सापडले. ते मुबलक, लवचिक आणि वाळल्यावरही टिकणारे. रेल्वेने ते कुठेही जाऊ लागले. स्वदेशीच्या चळवळीने विलायती सिगारेट टाकून विडी हातात दिली. गोंदिया, सिन्नर, संगमनेर, सोलापूर, निपाणी अशी केंद्रे उभी राहिली. आपट्याचे पान हळूहळू बाजूला पडले आणि त्याच्याकडे दसरा तेवढा उरला.

विडी वळणारे हात बहुतांशी बायकांचे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली पाने, हातात कात्री आणि पान कापायला पत्र्याचा साचा. मजुरी हजाराच्या हिशेबाने. हजार विड्या म्हणजे हजार वेळा पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, टोक दुमडणे. शिवाय तपासनीस नापसंत करील तो माल वजा. हवानातला कसबी कारागीर, ‘तोर्सेदोर’, दिवसाला साधारण शंभरेक सिगार वळतो आणि त्याच्या कौशल्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. विडीवालीच्या बोटांतले कसब त्याच जातीचे आहे. पानाचा पोत अंदाजाने ओळखणे, भरण सैल किंवा घट्ट न होऊ देणे, जळण एकसारखे राहील असे वळणे. या कसबाला मात्र पायरी नाही, पदवी नाही आणि त्याचा मान ठेवणारा ग्राहकही नाही. सिगारच्या चवीवर तासभर बोलू शकणाऱ्या माणसाने निदान एकदा तरी विडी वळताना पाहिली पाहिजे.

क्यूबात एक प्रथा होती आणि आहे, तिचा हेवा वाटतो. डिसेंबर १८६५ मध्ये हवानातल्या ‘एल फिगारो’ कारखान्यात कामगारांसाठी एक वाचक बसवला गेला. कारागीर पाने वळत असताना तो उंच आसनावरून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायचा. त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून वर्गणी काढून देत. वर्षभरात इतर कारखान्यांत ही टूम पसरली आणि १८६६ मध्येच स्पॅनिश सत्तेने घाबरून वाचनावर बंदी घातली. पण प्रथा तगली. होसे मार्तीने क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी पाठिंबा आणि पैसा उभा केला, तो फ्लोरिडात स्थायिक झालेल्या अशाच क्यूबन सिगार कामगारांमधून. ‘माँतेक्रिस्तो’ हे १९३५ चे नाव अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरून पडले, ते कारखान्यातल्या श्रोत्यांच्या आवडीमुळे. तोंडात धरायच्या वस्तूला आवडत्या पुस्तकाचे नाव देणारे कामगार जगात दुसरीकडे क्वचितच सापडतील.

भारतात असे वाचन केरळातल्या कण्णूरकडे झाले. तिथले विडी कामगार आपल्यातल्या एकाला वाचायला बसवत आणि त्याच्या वाटणीच्या विड्या इतर जण वळून देत. कामगार चळवळीचे मोठे शिक्षण तिथे झाले. १९६६ मध्ये संसदेने ‘बीडी आणि सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम’ केला. गरिबाची विडी आणि साहेबाची सिगार एकाच शीर्षकात आणणारा हा कायदा. कारखान्यात उजेड-वारा, कामाचे तास, रजा, नापसंत मालाच्या कपातीवर मर्यादा, अशा साध्या गोष्टी त्याने मागितल्या. त्याची अंमलबजावणी दारात येताच बड्या मालकांनी उत्तर केरळातले काम बंद केले. बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये ‘केरळ दिनेश बीडी’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली. महाराष्ट्रात मात्र काम घराघरांत पांगले, घरी वळणारीला आपण कुणाची कामगार आहोत हेच सिद्ध करावे लागले, आणि कायदा तिच्यापर्यंत पोहोचायला संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

निपाणी हे या झगड्याचे मराठी भाषकांमधले सर्वांत बोलके ठिकाण. कर्नाटकात असलेल्या या मराठी गावात तंबाखूच्या वखारींमध्ये बायका दिवसभर पाला कुटत, चाळत. हवेत तंबाखूची धूळ, नाकातोंडाला पदर. सत्तरीच्या दशकाअखेर सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या बायकांची संघटना उभी राहिली. त्यात देवदासीही होत्या. युगांतर या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात बायका स्वतःच्या तोंडाने वखारीतले दिवस सांगतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने तंबाखूच्या भावासाठी निपाणीत पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला होता. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. एकाच पिकासाठी पिकवणारा आणि कुटणारी, दोघेही एकाच वेळी रस्त्यावर आले होते.

तिकडे शहरांत सिगारचे वेगळे चित्र तयार होत होते. १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेने शिवसेनेला पहिली सत्ता दिली. बाळासाहेब ठाकरे यांच्या हातात तेव्हा पाइप असे, पुढे सिगार आली आणि ती व्यंगचित्रांतून, छायाचित्रांतून त्यांच्या प्रतिमेचा भाग झाली. ठाणे-डोंबिवलीतल्या असंख्य मराठी घरांनी सिगार पहिल्यांदा पाहिली ती याच छायाचित्रांत. ओढून पाहणारे अगदी थोडे.

सिगार असो वा विडी, शरीराला पान कळत नाही, तंबाखू कळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन गटाने फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याआधीच्या चट्ट्यांचा तंबाखूशी असलेला संबंध त्यातून उघड झाला. सिगारचा धूर छातीत घेतला नाही तरी तो तोंडात घोळतो. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगातून म्हणूनच सिगारवाल्याची सुटका नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे आणि १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापावा लागतो. हे नियम योग्य आहेत. त्यांच्यामुळे विडी घटत जाणार, हेही योग्य. प्रश्न उरतो तो विडी वळणाऱ्या बाईच्या पुढच्या कामाचा आणि डोक्यावरच्या छपराचा.

त्यातल्या छपराचे एक उत्तर सोलापुरात मिळाले आणि त्याचा एक धागा कल्याणजवळ सुरू होतो. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. ते गाव आज कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे. उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली तिथवर आले, लाल बावट्याची ओळख घेऊन परतले, आणि त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव उभा राहिला. त्याच्या अग्रभागी गोदावरी परुळेकर होत्या. सोलापूरच्या पद्मशाली वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या विडी वळणाऱ्या बायकांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली घरांसाठी लढा दिला, तेव्हा आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला त्यांनी ठाणे जिल्ह्यात लढलेल्या या गोदूताईंचे नाव दिले. शहराजवळ कुंभारी इथे दहा हजार घरे बांधली गेली आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वाटप झाले. शेजारीच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर हाती घेतले गेले. त्यातली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये मिळाली आणि ती घेणाऱ्यांत विडीवाल्या बायकाही होत्या.